फ्यूजकाकांचं टेबल

"खोक्यावरचे आकडे मला वाचून दाखवू नका," फ्यूजकाका टॅक्सीवाल्याला म्हणाले. "तीन हजार वॅट म्हणे! उद्या मीही शर्टावर छापून घेईन तीन हजार वॅट. फ्यूज बघा, फ्यूज."

त्यांनी तो निळ्या दिव्याचा चकचकीत अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर उलटा केला आणि कडेला खोचलेला फ्यूज नखाने दाखवला. "पंचवीसचा आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. गुणा. तीनशे झाले. त्यातले निम्मे नुसते तापण्यात जातात. उरले दीडशे. बाकीचे वॅट कुठून आणणार, सासरहून?"

टॅक्सीवाला हसला. त्याच्या साडूने गाडी विकली होती आणि डिकीतले दोन सबवूफर, ते धडधडणारे मोठे स्पीकर, याच्या गळ्यात मारले होते. आता त्याला स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर हवा होता आणि साडूच्याच दारात जाऊन एकदा दणदणीत वाजवायचं होतं.

"मग हा धरा हातात," काकांनी दुसरा त्याच्यापुढे केला. काळा, ठोकळ्यासारखा, ना दिवा ना नक्षी. "जड लागतो ना? आत तांबं आहे म्हणून. दोन फ्यूज, तीस-तीसचे. खोक्यावर साडेतीनशे लिहिलंय आणि साडेतीनशेच देतो. किंमत दोघांची सारखीच. तो निळा दिवेवाला तुमच्या वूफरला पुरणार नाही. तुम्ही आवाज वाढवणार, तो दम लागेपर्यंत ओढणार, आवाज फाटणार आणि वूफरची कॉइल जळणार. मग साडू हसेल."

मी मागच्या कोपऱ्यात मशीनवर सीट कव्हर शिवत होतो. गाड्यांची सजावट करणाऱ्या त्या दुकानात मला सगळे टेलर म्हणत आणि त्यांना फ्यूजकाका. तीस वर्षं त्या टेबलामागे उभं राहून त्यांनी हाच हिशेब हजारो लोकांना समजावला होता. लोक शेजारच्या दुकानातून भाव काढून यायचे आणि काकांना विचारायचे, "काका, कुठला घेऊ?" काका सांगतील तो घ्यायचे.

आणि काकांना ऐकू येत नव्हतं.

आठ वर्षं झाली असतील. डिक्यांमध्ये डोकं घालून आयुष्यभर ढामढूम ऐकलं, त्याने कान गेले. आधी वरचे सूर गेले, मग शिट्ट्या, मग माणसं. समोरचा तोंडासमोर बोलला की ओठांवरून त्यांना कळायचं, त्यामुळे गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. अडायचं फक्त अ‍ॅम्प्लिफायर जुळवताना. बटण किती फिरवायचं ते आवाज फाटायला लागला की ठरतं, आणि फाटलेला आवाज हाताला कळत नाही, त्याला कानच लागतो. तो कान माझा होता. काका वूफरवर तळवा ठेवून स्क्रूड्रायव्हरने बटण फिरवायचे आणि नजर माझ्याकडे ठेवायचे. आवाज फाटला की मी कात्री उचलायचो. ते केसभर मागे यायचे. झालं.

हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, कधी बोललोही नव्हतो. एकदाच डबा खाताना ते म्हणाले होते, "टेलर, घरात मी असून नसल्यासारखा. बायको, मुलगा, सून, कुणी मला काही विचारत नाही. कोण ओरडत बसणार? इथे निदान चार माणसं विचारतात, कुठला घेऊ म्हणून. हे टेबल गेलं की मी संपलो बघ."

मालक म्हणजे जुन्या मालकांचा जावई. पाठीमागे आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो. सासऱ्याने डोळे मिटले आणि हा गल्ल्यावर बसला. बसल्या बसल्या त्याने त्या निळ्या दिवेवाल्या अ‍ॅम्प्लिफायरने अख्खी मागची खोली भरून टाकली. कुठल्याशा घाऊक मालात स्वस्त मिळाले म्हणून. आणि काका आल्या गिऱ्हाइकाला फ्यूज दाखवत होते.

त्या दिवशी टॅक्सीवाल्याने काळा ठोकळा पसंत केला तसा जावईबापू गल्ला सोडून सरळ माझ्याकडे आला. सीट कव्हर बघतोय असं दाखवत खाली वाकला.

"टेलर, आठवडाभर बघतोय मी. कात्री छान उचलता."

माझा पाय मशीनवरच थांबला.

"मी वूफरच्या वायरी काढून ठेवतो. काका बटण फिरवायला लागले की तुम्ही नेहमीसारखी कात्री उचलायची. बस."

"मालक, म्हातारा माणूस आहे."

"मग तुम्हीही त्यांच्यासोबत घरी बसा. रेडिमेड कव्हरं येतात हल्ली, शिंपी कशाला हवाय मला?"

मी घाबरलो, हे खरंच. पण सगळं भीतीवर ढकलणार नाही. आठ वर्षं लोक माझ्यासमोर म्हणायचे, "काकांचा कान म्हणजे कान!" आणि काका मान डोलवायचे. एकदाही माझ्याकडे बघून हसले नाहीत. ते मला सलत होतं. जावईबापू गेल्यावर मी मशीनवरची कात्री हाताशी ओढून घेतली, आणि खोटं का बोलू, मला जरा गंमत वाटली.

टॅक्सी दारात उभी होती, इंजिन चालू, डिकी उघडी. काकांनी काळा ठोकळा जोडला, गाणं लावलं आणि फोन बघायला दोन पावलं बाजूला झाले. तेवढ्यात जावईबापूने वायरी उपटल्या आणि टॅक्सीवाल्याला डोळा घातला. काका परत आले. तळवा वूफरवर ठेवला आणि बटण हळूहळू फिरवायला लागले.

डिकीतून काहीच येत नव्हतं. इंजिन तेवढं घुरघुरत होतं. काकांचा तळवा जरा हलला, कपाळावर आठी आली, त्यांनी हात वूफरवर दुसरीकडे ठेवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

मी कात्री उचलली.

आठी गेली. हाताला काही लागत नव्हतं हे त्यांना कळलंच असणार, पण त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. बटण केसभर मागे घेतलं आणि ताठ झाले.

"हां! आता ऐका," ते टॅक्सीवाल्याला म्हणाले. "गोळीबंद! छातीत बसतो की नाही?"

जावईबापू त्यांच्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाला, "काका, जरा जास्त होतोय का हो?"

"छे, एक नंबर आहे. शब्द न् शब्द वेगळा ऐकू येतोय."

मग जावईबापूने वायरी त्यांच्या डोळ्यांपुढे धरून हलवल्या.

आधी टॅक्सीवाला हसला. मग काच बसवणारा, मग गाड्या धुणारे दोघे. मीही हसलो. काकांनी वायरी बघितल्या, मग एकेकाचं उघडं तोंड बघितलं, आणि शेवटी माझं. माझ्या हातात कात्री तशीच होती. त्यांनी फोनवरचं गाणं बंद केलं, तेही त्यांना दोनदा दाबावं लागलं.

"ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं मी काय ऐकू?" टॅक्सीवाला म्हणाला. "तो निळा दिवेवाला द्या."

"बसवून मात्र काकाच देतील," जावईबापू म्हणाला.

काकांनी बसवला. एकेक वायर नीट पट्टीने बांधली, कुठे घासू नये म्हणून खाली रबर घातलं. या वेळी माझ्याकडे न बघता बटण अगदी खाली ठेवलं आणि टॅक्सीवाल्याला हात जोडून सांगितलं, "याच्या वर नेऊ नका. हवं तर शिव्या द्या, पण वर नेऊ नका." टॅक्सीवाल्याने त्यांच्यासमोरच स्क्रूड्रायव्हर घेऊन बटण टोकापर्यंत फिरवलं. निळा दिवा लागला, काचा थरथरल्या, आवाज चिंध्या झाल्यासारखा फाटला. काकांनी नुसता दिवा बघितला.

दुसऱ्या दिवसापासून काका गाड्या झाडायला लागले. टेबलावर काच बसवणारा उभा राहिला. माझ्याशी काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पूर्वीसारखेच माझ्याजवळ बसून डबा खायचे, फक्त मान खाली घालून. ओठांकडे बघितलं नाही की बोलणं ऐकावंच लागत नाही.

तीन आठवड्यांनी टॅक्सी परत आली. डिकी उघडताच जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. दोन्ही वूफरच्या कॉइली जळल्या होत्या. काका मागच्या बाजूला एका गाडीच्या सीटखाली झाडत होते. वास आला तसे ते बाहेर आले. वास त्यांना कुणाहीपेक्षा आधी यायचा.

टॅक्सीवाला हातवारे करून ओरडत होता. त्याची पाठ काकांकडे होती. जावईबापू मान हलवत होता, मधूनच काकांकडे बोट दाखवत होता.

"त्या बहिऱ्याने बसवला होता, साहेब. वायरी उलट्यासुलट्या जोडल्या असणार. म्हणून तर काढलंय त्याला, बघा, गाड्या झाडतोय. तुम्हाला दुसरा देतो, तस्साच, निळा."

"पोरांच्या तोंडचा घास काढून वूफर वाजवतो मी!" टॅक्सीवाला काकांच्या दिशेने वळून म्हणाला, आणि पुढे जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही.

पण वळताना त्याने तोंडावर रुमाल दाबला होता, वासामुळे. काकांना दिसली ती फक्त बोटं, आपल्याकडे वळलेली. माणूस चूक कबूल करतोय असं वाटून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "असू दे, असू दे! होतं असं. मी कुठे काही म्हणतोय?"

टॅक्सीवाल्याचा रुमाल तोंडावरून खाली आला. जावईबापू खो खो हसत आत गेला.

काका माझ्याजवळ आले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्या ओठांकडे बघितलं. "काय म्हणत होता रे?"

मी खरं सांगू शकलो असतो. दोन शब्दांचं काम होतं. कान झालो होतो ना मी त्यांचा.

"म्हणाला, काकांचंच बरोबर होतं," मी सावकाश, ओठ हलवून म्हणालो.

"आणि मालक?"

"मालकही तेच म्हणाले."

काकांनी झाडू कोपऱ्यात उभा केला. नळावर गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, ओल्या हाताने केस बसवले, शर्टाचं वरचं बटण लावलं. मग टेबलापासून दोन हात अंतरावर जाऊन उभे राहिले, काच बसवणाऱ्याच्या कामात अडथळा होणार नाही असे, आणि गल्ल्याकडे बघत राहिले. बोलावतील म्हणून.

संध्याकाळी दुकान बंद करायला आम्ही शटर ओढायला लागलो, तेव्हाही ते तिथेच उभे होते.