माती उचलली

किका मारून मारून काळुरामच्या पोटरीत गोळा आला, पण गाडी काही दाद देईना. अंगणाच्या पलीकडे, आपल्या ओटीवर, त्याचा चुलतभाऊ रघू दाताला मशेरी लावत बसला होता आणि प्रत्येक किक मोठ्यानं मोजत होता.

"एकतीस," रघू थुंकून म्हणाला. "बत्तीस. मार, मार. पन्नास झाल्या का नारल फोडू."

काळुरामनं दातओठ खाल्ले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी गाडीनं असा दगा दिला असता तर दोन शिव्या हासडून त्यानं तिचा नाद सोडला असता. पण आज अकरा वाजता पेणच्या कचेरीत सुनावणी होती, आणि ती या रघूविरुद्धच होती.

भांडण उघाडीचं होतं. धरमतरच्या खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावानं मातीचा बांध घातलेला, आणि त्या बांधात फळ्यांचं दार ठेवलेलं, ती उघाडी. फळ्या खाली असल्या की आत भात पिकतं. वर उचलल्या की भरतीचं पाणी आत येतं, आणि पाण्याबरोबर कोळंबी नि जिताडा. रघूनं आपल्या वाट्याच्या शेताचं तळं करून मासळी धरायला सुरुवात केली होती, त्याला पाणी हवं होतं. काळुरामची चार खाचरं त्या तळ्याला अगदी खेटून. एकदा त्यांत खारं पाणी मुरलं की तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. दोन तारखा आधीच पुढे गेल्या होत्या. आज जो येणार नाही त्याचं म्हणणं ऐकलं जाणार नाही, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं.

काळुरामकडे कागद म्हणाल तर चिटोरंसुद्धा नव्हतं. होती ती एकटी धोंडुआत्या. ती दोघांच्याही बापांची सख्खी बहीण. उघाडीची राखण आधी तिच्या बापाकडे होती, आणि त्याच्यामागे वीस वर्षं तिनं स्वतः फळ्या टाकल्या होत्या. ती थकल्यावर उघाडी रघूच्या ताब्यात आली होती, फक्त निकाल लागेपर्यंत फळ्या उचलायला त्याला मनाई होती. भात कापल्यावर महिनाभर सोडला तर फळी उचलायची नाही, ही गावाची रीत. ती तिच्या तोंडून साहेबानं ऐकली की काम फत्ते, असं वकिलानं सांगितलं होतं. आणि आत्या खोटं बोलणारी नव्हती, हे खाडीकाठची चार गावं सांगत.

ती आत्या आठ वाजल्यापासून धुतलेलं लुगडं नेसून, छत्री मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. गुडघे गेलेले, त्यामुळे हायवेपर्यंत चालणं तिच्या नशिबात नव्हतं. साडेसातची एस्टी गेली होती, पुढची बारानंतर. गाडी चालू झाली तर आत्या पेणला पोचणार, नाहीतर काळुरामनं तिथे एकट्यानं जाऊन काय पोवाडा गायचा?

त्यानं टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली. आत पेट्रोल डुचमळलं. कॉक फिरवून रिझर्व्हवर घेतला, चोक ओढला, चोक सोडला. नळी काढून पाहिली तर पेट्रोल धो धो येत होतं. मग पाना लावून प्लग काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, फुंकला, इंजिनला टेकवून हातानंच किक दाबली. ठिणगी नाही. पुन्हा दाबली. तरी नाही.

"प्लगला करंट नाय," रघूनं बसल्या जागी निदान केलं. "आता पूजा घाल."

"तुजं नाक तुज्या घरात ठेव," काळुराम खेकसला.

"ठेवलंच हाय. माजी गाडी बग, आर्ध्या किकंत बोलतं."

जखमेवर मीठ चोळावं ते याच भाऊबंदानं. खांब गावी हायवेवरच्या एका गॅरेजात रघूनं दोन वर्षं काढली होती. अख्ख्या गावात गाडीतलं कळणारा हा एकच प्राणी, आणि आज नेमका तोच वैरी. त्याच्यापुढे तोंड वेंगाडण्यापेक्षा गाडी ढकलत पेणला नेईन, असं काळुरामनं मनाशी म्हटलं. गाडी ढकलता आली असती, पण आत्याला मागे बसवून ढकलता आली नसती.

त्यानं प्लगची वायर तपासली, टोक कापून नवीन केलं. डाव्या बाजूला एक वाटोळं झाकण होतं, दोन स्क्रूंचं. त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तिथलं काम कालच झालं होतं, आणि ते त्यानं स्वतः केलं होतं.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. मिठाचा हंगाम आटोपला आणि मृग आठवड्यावर आला की इथल्या घराघरांतून लोखंडाला करंजेल चोपडतात. फावडी, पहारी, कोयते, दाराच्या कड्या, काही म्हणजे काही सुटत नाही. काल काळुराम तेलाची वाटी नि चिंधी घेऊन बसला होता. गाडी त्यानं दिवाळीत रोह्याला कंपनीतून निवृत्त होणाऱ्या एका माणसाकडून घेतली, म्हणजे तिचा खाडीवरचा हा पहिलाच पावसाळा. मग गाडी काय लोखंडाची नाही? त्यानं ते झाकण उघडलं, आतल्या सगळ्या बारीकसारीक पात्यांना बोटानं तेल लावलं, आणि मोठ्या समाधानानं झाकण बंद केलं.

"आवो, त्ये काल तुमी तेल लावलंव," चंद्रावती, त्याची बायको, दारातून हलकेच म्हणाली, "त्यानं तर काय झालं नसंल ना?"

"तेलानं कधी लोखंड बिगडलंय? तू चुलीकडं बग गो."

चंद्रावती आत गेली. नवऱ्याचा पारा चढला की शहाण्या बाईनं आत जावं, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती.

सव्वानऊ झाले. काळुरामच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू येऊन बसली, आणि एकदा बसली ती उठेचना. काल संध्याकाळी दिवेलागणीला रघू या बाजूला आला होता. पडलेली शहाळी उचलायला आलो म्हणाला होता. गाडीच्या शेजारी उभा होता. गॅरेजातला माणूस, त्याला कितीसा वेळ लागतो? आज गाडी बंद पडून भलं कुणाचं होणार होतं? असा विचार करकरून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो अंगण ओलांडून गेला आणि त्यानं रघूची बंडी धरली.

"काय केलंस गाडीला? बोल!"

"हात काढ."

"काल शहाली उचलायला आल्तास. काय काढून नेलंस?"

"तुज्या भंगारातलं मी काय काढू? हात काढ काल्या, नायतर आज पेनला नाय, दवाखान्यात जाशील."

आरडाओरडा ऐकून शेजारचा जनू आला, त्याच्यामागून आणखी चारजण. लोकांसमोर माघार घेणं काळुरामला कधी जमलंच नव्हतं. त्यानं बंडी सोडली, वळला, आणि तीस पावलांवरच्या बांधावर जाऊन मूठभर चिखल उचलून आणला. तो हातात धरून रघूसमोर उभा राहिला तेव्हा जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

"ही बांधाची माती," काळुराम म्हणाला. "हिच्यावर सांगतो. यानं माजी गाडी बिगडवली."

पायरीवरून धोंडुआत्या उठली. गुडघ्यांवर हात टेकत, पण उठली.

"काल्या, टाक ती माती."

"नाय टाकनार."

"लेकरा, तुला कलतंय का तू काय उचललंस?"

त्याला कळत होतं. या गावात माती उचलणं ही गंमत नव्हे. भरतीच्या रात्री बांधाला खांड पडून पाणी घुसलं की एकानं ओरडायचं आणि सगळ्यांनी धावायचं, या एका भरवशावर गाव उभं होतं. बांधावर कुणी खोटं बोललं, तर पुढच्या खऱ्या हाकेला कोण येणार? म्हणून रीत अशी की ज्यानं माती उचलून आळ घेतला त्याचा आळ खोटा निघाला, तर पुढच्या शिमग्यापर्यंत बांधाच्या बाबतीत त्याला तोंड नाही. त्यानं त्याविषयी बोलायचं नाही, आणि त्याच्या वतीनंही कुणी बोलायचं नाही. काळुरामला हे सगळं पाठ होतं. पण आपण चुकू शकतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"धर," तो रघूला म्हणाला. "खरा असशील तर धर हातात."

रघूनं चूळ भरली, तोंड पुसलं, आणि सावकाश हात पुढे केला. घाई त्याला कसलीच नव्हती. अर्धी माती त्यानं आपल्या मुठीत घेतली.

"याच्या गाडीला मी हात लावला नाय," रघू म्हणाला. "लावला आसंल तर माजं घर खाडीनं न्यावं."

"झाकन खोल रं," आत्या काळुरामला म्हणाली. "काय बिगडवलंय ते दाखव सगल्यांना."

काळुराम तरातरा गाडीकडे गेला. बाकी सगळं त्यानं तपासलं होतं, उरलं होतं ते तेवढं डाव्या बाजूचं झाकण. दोन स्क्रू काढले, झाकण ओढलं, आणि करंजेलाचा कडवट वास सगळ्यांच्या नाकात गेला. जिथून ठिणगीचा करंट निघतो ते दोन इवले पॉइंट तेलात बुचकळून निघाले होते, आणि त्यांच्यामध्ये हिरव्या चिंधीचा एक धागा अडकला होता. ती चिंधी चंद्रावतीच्या जुन्या लुगड्याची. वाटीसकट ती अजून ओटीच्या कोपऱ्यात पडली होती, आणि जनूनं तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं.

काळुरामच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

रघू जवळ येऊन वाकला, आत पाहिलं, आणि मान डोलावली.

"पॉइंटाला तेल लागलं का ठिनगी मरतं," तो म्हणाला. "काल तू बोट घालून चोपडत व्हतास तवाच मला कललं."

"तुला म्हाईत व्हतं?" काळुरामनं विचारलं.

"म्हाईत व्हतं. हात लावला नाय." रघूनं मूठ उघडून माती बांधाच्या दिशेनं भिरकावली. "तू इचारलंस तेवढंच मी बोललो."

जनू फिसकन हसला, पण त्याच्या हसण्याला कुणी साथ दिली नाही. काळुरामला वाटलं, याच झाकणानं याचं थोबाड फोडावं. पण माणसाला मारायलासुद्धा आपली बाजू खरी असावी लागते, आणि त्याच्या हातावर तर ती माती वाळत चालली होती. त्यानं कोरड्या फडक्यानं पॉइंट पुसले, मग पोस्टकार्डाचा तुकडा घालून पुसले, झाकण लावलं, प्लग बसवला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. दहाला वीस मिनिटं होती. पेण अर्ध्या तासावर.

"आत्या, बस," तो म्हणाला.

आत्या जागची हलली नाही.

"आत्या, टायम जातोय."

"मी काय बोलू तिथं जाऊन?" आत्या म्हणाली. "सायेब इचारंल, बांधाची रीत काय. मी सांगू, आन् तीच रीत मोडून तुज्यासाठी सांगू?"

"माजी बाजू खरी हाय! तुला म्हाईत हाय खरी हाय!"

"खरी हाय," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. "मेल्या, सोन्यासारखी खरी बाजू व्हती तुजी. तू तिच्यावर चिखल घातलास."

तिनं छत्री काखेत मारली आणि भिंत धरत धरत घरात गेली. रघूनं शर्ट चढवला, अर्ध्या किकेत गाडी काढली, आणि काळुरामच्या अंगावर धूर सोडून निघून गेला.

काळुराम गेला. एकटाच गेला. कचेरीत साहेबानं दोनदा विचारलं, साक्षीदार कोण? दोन्ही वेळा त्यानं मान खाली घातली. का आला नाही, असंही साहेबानं विचारलं. रघू शेजारीच उभा होता, त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. त्याला गरजच नव्हती. गावची रीत असल्याचा काही पुरावा समोर आला नाही, सबब उघाडी आज ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच राहील, असा निकाल चारच्या आत झाला.

संध्याकाळी भरतीच्या वेळेला काळुराम बांधावर उभा होता. रघूनं फळ्या एकेक करून वर ओढल्या. पाणी आधी तळ्यात गेलं, तळं भरलं, आणि मधल्या बुटक्या बांधावरून काळुरामच्या पहिल्या खाचरात ओघळू लागलं. बांधावर बरीच माणसं होती. धोंडुआत्याही येऊन बसली होती, तिचं लक्ष पाण्याकडे होतं. हे पाणी चुकीचं आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, रघूलासुद्धा. फक्त ते म्हणायचा हक्क ज्याचा होता त्याला तोंड नव्हतं.

"काय रं?" रघूनं हात झटकत विचारलं. "काय बोललास का?"

काळुरामनं ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या खाचरात पाणी शिरेपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग घराकडे निघाला.