खिळ्यावरची दुसरी चाबी

हिंगण्याच्या त्या कारखान्यात तिखटाच्या पोत्यांवर किरणं सोडतात, म्हणजे माल परदेशी जाईस्तोवर त्यात अळी पडत नाही. किरणांच्या खोलीला एकच चाबी. तीच यंत्राला लावली की किरणं वर येतात, काढली की पाण्यात खाली जातात. मग त्याच चाबीनं दार उघडायचं. म्हणजे किरणं वर असताना आत जायची कोणाची टाप नाही. ही चाबी रवींद्रच्या खिशात असायची. रवींद्र भीमाबाईचा मोठा मुलगा, यंत्र तोच चालवायचा.

मागल्या साली तो चाबी घरी विसरला. धुवायच्या पॅन्टीत सापडली, तशी भीमाबाई ती घेऊन स्वतः निघाली. वाटेत इतवारीच्या बाजारात उतरली आणि दुसरी घडवून घेतली. तिच्या घरी कपाटाच्या दोन, पेटीच्या दोन, संडासाच्याही दोन चाब्या.

"ठेव गा. एकाचा काय भरवसा?"

आईला नाही म्हणायची रवींद्रला सवय नव्हती. त्यानं ती ऑफिसात खिळ्याला टांगली.

दिवाळीनंतर आत पोतं अडकलं. पोती उचलणाऱ्या संघपालनं खिळ्यावरची चाबी काढली, दार उघडलं. पहिली यंत्रातच होती, म्हणजे किरणं वरच. दोन मिनिटांत धोक्याची घंटी वाजली, तो बाहेर पळाला. पोतं निघालं होतं. हाताची कातडी आठवड्यानं निघाली.

कारखान्याला टाळं लागलं. चौकशीला मुंबईहून काजल मॅडम आल्या. दुसरी चाबी कुठून आली हे कळल्याशिवाय ना कारखान्याला परवाना, ना रवींद्रला यंत्र चालवायचा. रवींद्र म्हणे, "माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी भीमाबाई डबा घेऊन थेट चौकशीच्या खोलीत शिरली.

"आजी, तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"चाबीवाली."

"तुम्ही बनवली? का हो?"

"एवढा मोठा कारखाना अन् एकच चाबी! मले वाटलं, गरिबी असन."

"ती एकच असते म्हणून आतला माणूस वाचतो, आजी. दारावर लिहिलंय तसं."

"मले वाचता येत नाही." भीमाबाईनं रवींद्रकडं पाहिलं. "याले येते."

रवींद्र खाली पाहू लागला.

"बनवली मी, टांगली यानं. दोघाचंबी लिहा. आईले झाकून राहिला, म्हणे! मी काय पोतं आहो?"

रवींद्रचा परवाना वर्षभर अडकला. पुन्हा परीक्षा द्यायची, तोवर पोती उचलायची. नव्या नियमानं चाबीला साखळी आली, साखळीला किरणं मोजायचं वजनदार यंत्र. घरी न्यायची म्हटलं तरी खिशात मावायची नाही.

सून दीपमालानं नव्या नियमाचा कागद वाचून दाखवला. "कोणत्याही कारणानं दुसरी किल्ली बनवू नये."

"माझं नाव कुठं हाय?"

"नाही लिहिलं, आत्याबाई."

"काहून? नियम तर माझ्यावरूनच केला."

मग तिनं पदर खोचला, डबा उचलला आणि रोजच्यासारखी संघपालकडं गेली. झाकण तिनंच काढलं. त्याच्या उजव्या हाताची मूठ अजून वळत नव्हती.

"तोंड उघड," ती म्हणाली.