सातवी सही

त्या शेवटच्या शुक्रवारीही उस्ताद वगीह यांनी अलेक्झांड्रियाहून मुलीला दुपारच्या नमाजानंतर बरोबर दोन वाजता व्हिडिओ कॉल लावला, आणि त्या शुक्रवारीही इनासने तो चौथ्या घंटीला उचलला. पहिल्या घंटीला उचललं तर बाबांना वाटायचं, पोरगी वाटच बघत होती. सहावीपर्यंत थांबलं तर ते फोन ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. चौथी घंटी हा तिने चार वर्षांच्या अभ्यासाने काढलेला मध्यममार्ग होता. ती कतारमध्ये, दोहा शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात कामाला होती; अभ्यासाची तिला सवय होती.

पडद्यावर बाबांचं कपाळ आलं.

"बाबा, फोन खाली धरा जरा. निम्मेच दिसताय."

"निम्माच उरलोय. ऐक, टोमॅटोचे भाव पुन्हा वेडे झालेत. मी टोपलीला दोर बांधून खाली सोडली, भाजीवाल्याला वरूनच म्हटलं, पाव किलो दे. तर म्हणतो, उस्ताद, कुणाचं लग्न आहे का घरात?"

इनास हसली. टोमॅटोला ती नेहमी हसायची. टोमॅटोनंतर गुडघा यायचा, गुडघ्यानंतर चौथ्या मजल्याच्या पायऱ्या, आणि मग कुणीतरी गेल्याची बातमी. एवढं सगळं दहा मिनिटांत उरकायचं. त्यापुढे तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. दुःखावर लिहिलेल्या सहाशे पानांच्या कादंबऱ्या तिने एका बैठकीत वाचल्या होत्या, पण बापाचा गुडघा अकराव्या मिनिटाला तिला झेपत नसे.

"खालच्या समीहाचा जावई पुन्हा तो फायबरचा कागद घेऊन आला होता," बाबा म्हणाले. "सहा सह्या झाल्यात. म्हणतो, हाज, तुमच्या एका सहीसाठी अख्खी इमारत बैलगाडीत बसलीय."

"मग करून टाका ना सही!"

"काचेची तार! काच चहाच्या पेल्याला ठीक. बत्ती गेली की ती काच मुकी होणार. माझं तांबं बत्ती नसताना बोलतं."

हे त्यांचं नेहमीचं भाषण. वगीह यांनी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या होत्या. अर्ध्या अलेक्झांड्रियाच्या साखरपुड्याच्या, तलाकाच्या आणि मयताच्या बातम्या त्यांच्या हातच्या जोडांमधून गेल्या होत्या, असं ते सांगत. आता पक्कड हातात घेतलेल्या, न घेतलेल्याही, कुणालाही लोक 'इंजिनियरसाहेब' म्हणू लागले होते. वगीह मात्र शेवटपर्यंत साध्या कारागिरासारखे 'उस्ताद'च राहिले, याचा सगळा राग त्या बिचाऱ्या काचेवर निघे. फायबर घालायचं तर जिन्याची भिंत फोडावी लागणार होती आणि त्यासाठी कंपनीला सातही घरमालकांच्या सह्या हव्या होत्या. तीन वर्षं तो कागद जिन्यातून वर-खाली करत होता. तरुण मंडळी वगीहना तोंडावर आदराने 'हाज' म्हणत आणि पाठीमागे 'संग्रहालय'.

"बाबा, दर शुक्रवारी आपलं बोलणं मध्येच तुटतं," इनास म्हणाली. आवाजात तिने पुरेशी तक्रार घातली. "तुम्हाला काहीच वाटत नाही त्याचं?"

कपाळ क्षणभर स्थिर झालं.

"तुटतं खरं," ते म्हणाले. "पण तुटलेलं पुढच्या शुक्रवारी जोडता येतं. गुडघ्याचं सांगत होतो ना, परवा जिन्यात…"

घड्याळात दहा मिनिटं झाली होती. इनास गोठली.

ही तिची खास कला होती. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा किंचित मिटलेला, हात हनुवटीखाली अडकलेला. मंद ब्रॉडबँडवर माणूस जसा अडकून बसतो, तस्सा. श्वास रोखायचा, दहापर्यंत मोजायचं आणि लाल बटण दाबायचं. मग निरोप पाठवायचा: 'लाइन गेली बाबा, तुम्ही फायबर घेतच नाही!' चार वर्षांत तिने त्यांना फायबरची सात पत्रकं पाठवली होती. त्यांनी खरंच सही केली असती तर सगळ्यात मोठी पंचाईत तिचीच झाली असती, हे तिने स्वतःलाही कधी फोड करून सांगितलं नव्हतं.

"इनास? गोठलीस वाटतं," बाबा म्हणाले. "गेली लाइन. बरं बरं. ऐकू येत असेल तर ऐक, त्या गार हवेच्या झोतात बसत जाऊ नकोस. पडदा बघ मागे केवढा उडतोय. मान धरेल. आणि जेवून घे."

आठ, नऊ, दहा. तिने बटण दाबलं.

मंगळवारी सकाळी वगीह खुर्चीत बसल्या बसल्या गेले. समोर चहाचा पेला अर्धा होता. समीहाने खालून टोपलीत पाव ठेवला आणि दोर हलवला. टोपली वर गेली नाही.

तिसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. पुरुष खाली मंडपात बसले होते. इनास काळ्या कपड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात देत होती. ती रडत नव्हती, म्हणून दोन बायकांनी आपसात 'परदेशात राहून अशाच होतात' असं ठरवूनही टाकलं होतं. समीहा बिनसाखरेच्या कॉफीचं तबक घेऊन आली. जाड, दम लागलेली, तोंडाने फटकळ. इनासला तिने मावशीसारखं अंगाखांद्यावर खेळवलेलं. पेले उचलून झाल्यावर तबकाखालून एक घडी घातलेला कागद निघाला.

"खाला, हे काय?"

"अल्लाह त्याला जन्नत देवो," समीहा म्हणाली, "पण पोरी, सहा सह्या झाल्यात."

"आज? बाबांना जाऊन तीन दिवस झालेत."

"आणि कागदाला तीन वर्षं. माझा जावई खाली मंडपात बसलाय, त्याचा अर्धा जीव कुराणात आणि अर्धा या कागदात. माझ्यावर ओरडू नकोस. तुझा बाप असता तर म्हणाला असता, समीहा, निदान कॉफी तरी गरम आणायचीस."

इनासला हसू आलं आणि त्याची लाज वाटली. ती म्हणाली, "इतका हट्ट कशाला केला त्यांनी, खाला? सगळ्यांना ताटकळत ठेवलं. माझ्याशी धड बोलणंही व्हायचं नाही. दर शुक्रवारी लाइन तुटायची."

समीहाने तबक मांडीवर ठेवलं.

"कुठे तुटायची?"

"म्हणजे?"

"तुमच्या घरात आणि माझ्या घरात जिन्याखालच्या एकाच पेटीतून तार येते. पहिल्या वर्षी दर शुक्रवारी तुझं बोलणं तुटलं की हा जिन्यातून हाक मारायचा, 'समीहा, तुझं चालू आहे का?' माझं चालूच असायचं, सून मालिका बघत बसलेली असायची. मग तो तार तपासायचा फोन घेऊन पेटीपाशी उतरायचा. तसल्या गुडघ्यांनी, चार मजले! वर जाताना माझ्या दारात टेकायचा. म्हणायचा, तार ठणठणीत आहे, घंटेसारखा आवाज आहे. पुढे त्याने उतरणंच सोडलं."

"मग तुम्हाला काय म्हणाले?"

"मीच म्हटलं त्याला, अरे, इकडची तार चांगली म्हणजे पोरीकडची खराब असेल, तिला सांग की. तर हसला. म्हणाला, 'चौतीस वर्षं दोष शोधण्यात गेली माझी, समीहा. दोष कुठल्या टोकाला आहे, ते मला कळतं. पण मी काच बसवली तर पोरीला निमित्त काय उरेल? मग ती फोनच उचलणार नाही. दहा मिनिटं तर दहा मिनिटं.'" समीहाने डोळे ओढणीने पुसले आणि लगेच आवाज चढवला. "आणि त्या दहा मिनिटांपायी, मंद नेटवर, माझ्या नातवाची ऑनलाइन परीक्षा दोनदा मध्येच बंद पडली! घे, सही कर."

इनासच्या मानेवर गार हवा आली. खोलीत एसी नव्हता, खिडकी बंद होती. बाबांचे शुक्रवारचे शब्द आठवले: पडदा बघ मागे केवढा उडतोय. ती गोठून बसलेली असताना तिच्या पाठीमागे पडदा मजेत उडत होता. आणि गोठलेल्या चित्रातला पडदा उडत नसतो, हे जन्मभर तारांशी जगलेल्या माणसाला कळलं नसेल, असं तिने मानलं होतं. त्यांनी ते पाहिलं होतं आणि मानेची काळजी केली होती.

तिने सातव्या रेघेवर सही केली. बाबांना तीन वर्षं जमलं नाही ते तिने एका कॉफीच्या पेल्यात उरकलं. खाली मंडपात जावयाचं मन एकदाचं पूर्ण कुराणात लागलं असावं.

कंपनीचा माणूस पाचव्या दिवशीच आला. ढेरी सुटलेला, घामेजलेला, बोलका. इनासने त्याला पुदिना घालून चहा दिला, कारण या घरात तारवाल्याला चहा न देता कधी पाठवलेलं नव्हतं. त्याने घरातल्या भिंतीवरची जुनी छोटी पेटी उघडली आणि आत वाकून पाहिलं.

"वा! हा जोड कुणाचा आहे? असं काम आता कुणी करत नाही."

"माझ्या बाबांचा."

"हात होता हो त्यांना. अल्लाह रहम करो." त्याने पिशवीतून फॉर्म काढला आणि कानामागचं पेन हातात घेतलं. "बाकी सगळं भरलंय, इंजिनियर इनास. एकच रकाना राहिलाय. जुनी लाइन बदलण्याचं कारण. मी आपला 'सारखी तुटते' असं लिहितो, सगळे तेच लिहितात. बरोबर ना? तुटायची ना सारखी?"

खुर्ची खिडकीपाशी तशीच होती. बाल्कनीच्या कठड्याला टोपली बांधलेली होती.

"नाही," इनास म्हणाली. "तसं लिहू नका. लाइन चांगली होती."

माणूस पेन धरून थांबला. इनास त्याच्याकडे बघत नव्हती.

"मी तोडायचे, बाबा. दर शुक्रवारी. मला सगळं ऐकू येत होतं."