ओट्याची मालकीण

राजवाड्यामागच्या बँडवाल्यांच्या गल्लीत दिवसा जाऊ नका. दिवसा तिथं फक्त लाल कोट वाळत असतात आणि कुणीतरी पितळी भोंगे घासत बसलेलं असतं. खरी गल्ली संध्याकाळी उघडते. वाजवणारे लग्नांना निघतात, शटरं पडतात, आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर दुसरीच दुनिया बसते. कुणी जुन्या जीन्सचे झोळे विकतं, कुणी भंगारातून घडवलेली कानातली. कुणी उभं राहून कविता वाचतं. कविता भिकार असली तर लोक तोंडावर सांगतात. भुट्ट्याचा कीस हातात घेऊन अर्धं इंदूर तिथं मध्यरात्रीपर्यंत भटकतं.

यातल्या बँडमालक रामभाऊंच्या दुकानाच्या ओट्यावर तीन वर्षं कस्तुरी बसत होती. पोरगी इंदूरजवळच्या सांवेरची, पदवी कसलीच नाही. लाकडावर पटाशीनं चित्र कोरायचं, शाई फासायची, कागद दाबून उचलायचा, हे ती मोबाइलवर बघून आणि स्वतःची बोटं कापून शिकली होती. तिच्या चित्रांत राजेराण्या नव्हत्या. लग्नाच्या मांडवाबाहेर उपाशी उभा बँडवाला होता. खाली इंदुरी ओळ, भाऊला भिया म्हणणारी: ‘भिया, आमचं पान कधी?’

मग शहराच्या चकचकीत भागातून, विजय नगरहून, रजत आला. त्याच्या कंपनीचं काम म्हणजे जिथं आधीच मजा आहे तिथं जाऊन फाटक लावायचं. गल्लीला त्यानं ‘बोहो स्ट्रीट’ नाव दिलं, एका शनिवारसाठी रस्त्याची परवानगी काढली, एकसारख्या पांढऱ्या टपऱ्या मांडल्या. गल्लीच्या तोंडाशी फाटक आणि दोन बाउन्सर. मनगटावर कागदी पट्टी असेल तरच आत. ओट्यांवरच्या लोकांना निरोप गेला: टपरी घ्या, नाहीतर घरी बसा. गोंदणवाल्या शमिकानं मान खाली घालून टपरी घेतली. बाकीचे बरेचसे घरी बसले. कस्तुरीला टपरीसुद्धा मिळाली नाही.

“काम छान आहे, पण रॉ आहे. प्रीमियम फील नाही येत,” रजत म्हणाला होता.

त्या शनिवारी दुपारी चारलाच, बाउन्सर यायच्या आधी, कस्तुरी आपली पेटी घेऊन ओट्यावर जाऊन बसली. दोरी बांधली, चित्रं टांगली. सहाला रजत समोर उभा.

“कस्तुरीजी, हे चालणार नाही हां. आमच्याकडे परमिशन आहे.”

“कशाची?”

“पूर्ण गल्लीची.”

“रस्त्याची. वाचा कागद. ओटा दुकानाचा आहे. रस्त्यावर पाय ठेवला तर मला उचला. मी तर इथून उतरतच नाही.”

रजतनं कागद वाचला. मग हसला. “ठीक है. मग दुकानमालकानं येऊन सांगावं की ही आमच्या परवानगीनं बसते. नऊपर्यंत. नाहीतर सामान फाटकाबाहेर.”

कस्तुरीनं लगेच फोन काढला. रामभाऊ लालबागकडच्या एका वरातीत होते, आणि तोंडात क्लॅरिनेट असलेला माणूस फोन उचलत नाही. तिनं सात वेळा लावला. पण खरी भीती वेगळीच होती. परवानगी तिनं कधी मागितलीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी या ओट्यावर भानुमतीबाई बांगड्या विकायच्या. गुडघे गेल्यावर त्यांनी कस्तुरीच्या हातात झाडू दिला आणि म्हणाल्या, “आता तू.” तेव्हापासून कस्तुरी रात्री उठताना ओटा झाडायची, धुवायची, घरी जायची. रामभाऊ सकाळी येत, ही संध्याकाळी. मान हलवण्यापलीकडे बोलणं नाही. आज ते म्हणाले, कोण ही, मला माहीत नाही, तर?

साडेआठ झाले. टपऱ्यांवरच्या महागड्या सुगंधी मेणबत्त्या हुंगून कंटाळलेली माणसं तिच्या दोरीखाली थबकत, हसत, फोटो काढत. बाउन्सर त्यांना पुढं ढकलत होता.

नवाला पाच मिनिटं कमी असताना फाटकापाशी गलका झाला. वरात लवकर आटपून रामभाऊंचा बँड परतला होता. पंधरा माणसं, घामानं चिंब लाल कोट, खांद्यावर ढोल.

“अंकल, रिस्टबँड?” बाउन्सरनं विचारलं.

“काय?”

“हाताला पट्टी पाहिजे. त्याशिवाय एंट्री नाही.”

सत्तरीच्या रामभाऊंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “बेटा, पंचेचाळीस वर्षं मी लोकांना आत नेतोय. नवरे नेले, घोडे नेले. आज स्वतः जातो.” त्यांनी हात वर केला आणि पंधराच्या पंधरा जण एकदम वाजले. त्या आवाजापुढे कोण कुणाला अडवणार? फाटक ज्यानं धरलं होतं त्यानंच उघडलं.

ओट्यापाशी येऊन वाजणं थांबलं. रजत धावतच आला. “अंकल, एकच प्रश्न. ही मुलगी तुमच्या परवानगीनं इथं बसली आहे?”

“नाही,” रामभाऊ म्हणाले.

कस्तुरीचा हात दोरीकडे गेला. झालं. उतरवायची चित्रं.

“मी कोण परवानगी देणारा?” रामभाऊंनी टोपी काढून घाम पुसला. “शटर पडलं की जो ओटा झाडतो त्याचा ओटा. माझ्या वडलांच्या वेळेपासून असंच आहे. तुमच्या कंपनीतलं कुणी झाडतं का हो?” मग ते सगळ्या गल्लीसमोर पायरीखालीच थांबले. “कस्तुरी, वाद्यं आत ठेवायची होती. येऊ का वर?”

कस्तुरीचा आवाज थेट राजवाड्यापर्यंत गेला असावा.

“या काका! सगळे या!”

शिट्ट्या पडल्या. शमिकानं टपरीतून आपली खुर्ची, दिवा, सुया उचलल्या आणि समोरच्या ओट्यावर नेऊन आपटल्या. “माझाही ओटा आहे भिया,” ती रजतला म्हणाली, “काल रात्रीच धुतलाय.” घरी बसलेल्यांना फोन गेले. अर्ध्या तासात झोळे आले, कानातली आली, गिटार आलं. ढोलवाल्यांना झोप कसली, ते कवितेच्या मागं ठेका धरून बसले. पांढऱ्या टपऱ्यांत फक्त मेणबत्त्या उरल्या.

कस्तुरीनं तिथंच पाट मांडला. लोक म्हणाले आमच्यासमोर छाप, म्हणून ती शाई फासून कागद उचलू लागली, ओले कागद हातोहात जाऊ लागले. उपाशी बँडवाल्याचं चित्र खुद्द रामभाऊंनी छातीशी धरलं आणि म्हणाले, “नाक मोठं काढलंस माझं.”

“आहेच मोठं, काका.”

दहाच्या सुमारास रजत आला. आवाज उतरला होता. पाहुण्यांना हेच बघायचंय, आमच्या स्टेजवर येऊन छापाल का, नाव मोठ्या अक्षरात लावतो, म्हणाला.

कस्तुरीनं शाईचा रूळ थांबवला नाही. “स्टेज इथंच आहे. चित्र पाहिजे असेल तर देईन. पण रांग आहे भिया, मागं लागा.”

रजतनं मागं वळून पाहिलं. रांग त्याच्या फाटकाच्याही बाहेर गेली होती. तो चालत गेला आणि शेवटी जाऊन उभा राहिला.