घोडीत गेलेले नारळपाणी

धनीरामजींच्या थोरल्या मुलीचे, रूपाचे, लग्न झाले ते साल २०१५. त्याच उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी, नाकाडोंगरीला आले. मित्रांनो, मी विजेवर बोलणारी गिटार आहे आणि आता जुनी झाले आहे. त्याआधी नागपूरच्या एका वादकाने मला नऊ वर्षे वाजवले होते. रूपा सासरी गेल्यावर घर सुने होईल म्हणून धनीरामजींनी मला धाकट्या गुड्डीसाठी आणले.

मला दोन आवाज आहेत. एक चुंबकाचा, मोठा आणि टणक. दुसरा घोडीचा. माझ्या सहा तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिच्यात प्रत्येक तारेखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक खडा बसवलेला आहे. तार थरथरली की खडा दाबला जातो आणि त्यातून किंचित वीज निघते. हा आवाज साध्या लाकडी गिटारीसारखा मऊ येतो.

धनीरामजींना हाच आवाज लागे. ते मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले आणि दंडारीतले, म्हणजे इथल्या लोकनाट्यातले, जुने गायक. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आकाशपाळणा लागतो, दुपारी दंडार होते, आणि तिचा सुरुवातीचा गण चाळीस वर्षे तेच गात आले. पण छातीत धूळ बसून त्यांचा गळा बारीक झाला होता. चुंबकाच्या आवाजाखाली तो दबून जाई. घोडीच्या आवाजासोबत मात्र ऐकू येई.

२०२४ च्या दसऱ्याला धनीरामजींच्या पत्नी गिरजाबाई यांनी विळा, कुऱ्हाड आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत मलाही ठेवले. हळदकुंकू लावले. नारळ फोडून त्याचे पाणी सगळ्यांवर शिंपडले, माझ्यावर जरा जास्तच. कारण डॉक्टरांनी या वर्षी धनीरामजींना एकच गण गायची मोकळीक दिली होती, आणि पुढच्या मंडईचे काही सांगता येत नाही असेही म्हटले होते. माझ्या हातून ते काम नीट व्हावे, एवढेच त्या माउलीच्या मनात होते.

आठ दिवसांनी गुड्डीने मला वाजवले तर घोडीचा आवाज खरखरत होता. दोन दिवसांनी सर्वांत पातळ तार मुकीच झाली. गुड्डी आईला नारळाच्या पाण्यावरून उठता-बसता बोलू लागली. गिरजाबाई खाली मान घालून ऐकून घेत. नागपूरच्या दुकानाने फोनवर सांगितले की अख्खी घोडी बदलावी लागेल आणि नवी यायला महिना लागेल. मंडईला नऊ दिवस उरले होते.

तेव्हा कोणीतरी लाखांदूरच्या केवळरामजींचे नाव सुचवले. नाटक मंडळ्यांच्या पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. मायलेकी मला घेऊन एसटीने निघाल्या. मी गिरजाबाईंच्या मांडीवर होते.

केवळरामजींनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक तारेखाली टकटक केले आणि स्पीकरला कान लावला. मग घोडी उघडली. नारळाचे गोड पाणी आत सुकून चिकटले होते आणि खड्यांची वीज त्यातून गळून जात होती. त्यांनी काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने ते पुसले आणि घोडी पिवळ्या बल्बखाली वाळत ठेवली. पाच तारांचा आवाज स्वच्छ झाला. सर्वांत पातळ तार मात्र बोलेना. त्यांनी भिंग धरून पाहिले.

"हे नारळाचं काम नाही, बाई. इथं कोणीतरी सुई घातली हाये. वायर तुटली."

गुड्डी म्हणाली, "म्या घातली, माय. साफ करून पाहत होती."

"मंग आठवडाभर मलेच काहून बोलून राहिली होती वं?"

"भेव लागलं होतं."

"भांडा तुम्ही," केवळरामजी म्हणाले, "पण फुंकर नका मारू. वायर केसावानी हाये, अन् दुसरा खडा माह्यापाशी नाही."

डाग देणाऱ्या कातीची, म्हणजे सोल्डरिंगच्या तापत्या सळीची, उष्णता जास्त झाली तर खडा कायमचा मरतो. त्यांनी श्वास रोखला, पापणी लवेल एवढाच वेळ काती टेकवली आणि उचलली. मग तार छेडली. ती बोलली. गिरजाबाईंनी गुड्डीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तो हात तिथेच राहू दिला.

मंडईच्या दुपारी धनीरामजी मंचावर खुर्चीत बसून गायले. दुसऱ्या कडव्याला त्यांचा दम संपला. गुड्डीने त्याच सुरावर मला हळूहळू वाजवत ठेवले, ते पुन्हा सुरू करेपर्यंत. गण पुरा झाला. खाली उतरल्यावर त्यांनी विचारले, "आयकू गेलो का मी?"

"पार आकाशपाळण्यापर्यंत," गिरजाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण कोरड्या हातांनी करा. बिघाड झाला तर सुई घालण्याआधी जाणत्याला विचारा, आणि चूक आपली असेल तर लवकर सांगा. माझ्यासाठी म्हाताऱ्या केवळरामजींनी श्वास रोखून धरला होता. त्यांचे ऋण माझ्या सहाही तारांवर आहे.

धनीरामजी १७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी घरीच वारले. ते अडुसष्ट वर्षांचे होते.