दसऱ्याला पुसलेला मळ

दसऱ्याला आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन सगळं धुऊनपुसून पूजेला मांडतात. दोन हजार सहा साली त्या ओळीत माझा संगणकही आला. नुसतं वरून पुसणं मला अपुरं वाटलं. मी डबा उघडला, पंखा काढला. खाली चौकोनी प्रोसेसरवर वाळलेल्या चुन्यासारखा राखाडी मळ होता. तो रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसला, पंखा पुन्हा बसवला आणि वर झेंडूचं फूल वाहिलं. हातून एक काम नीट झालं, असं क्वचितच वाटतं. त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून संगणक दोन मिनिटांत आपोआप बंद पडू लागला.

आत बुधरीबाईच्या बेचाळीस गोष्टी होत्या. जंगलातल्या गावची ही म्हातारी दोन हिवाळे मला गोंडीत सांगत होती आणि मी समजेल तसं मराठीत उतरवत होतो. श्रावणात ती गेली. त्याच पावसात माझ्या वह्यांचा लगदा झाला. आता तिचा मुलगा लच्छू छापील कागद न्यायला शनिवारी येणार होता. शेवटची गोष्ट तरी शाबूत आहे का, हे पाहायला मी दिवसातून चार-पाचदा संगणक सुरू करत राहिलो. कोणाला सांगायची लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी गोंडपिपरीच्या स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या दामिनीला बोलावलं. तिने पंखा उचलला आणि विचारलं, "हे कोनं पुसलं?"

लच्छू तोवर येऊन दाराशी बसला होता. माहीत नाही, असं म्हणणं जिभेवर आलं होतं.

"मीच," मी म्हणालो. "मळ समजून."

"गुरुजी, पूजा करा, पन त्याले आंघोळ काऊन घातली?" मग ती हसायची थांबली. तो मळ नव्हता. प्रोसेसरची उष्णता पंख्याखालच्या धातूकडे नेणारी ती थर्मल पेस्ट होती. ती नसली की प्रोसेसर तापतो आणि संगणक बंद पडतो. असा अचानक बंद पडताना उघडी फाइल बिघडू शकते, असंही तिने सांगितलं. कितीदा सुरू केला, हे मी लच्छूसमोरच सांगितलं.

तिने नळीतून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, पंखा दाबून बसवला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. संगणक चालू राहिला. एकेक करून एकेचाळीस गोष्टी उघडल्या. बेचाळिसावी उघडली नाही. तीच मी रोज उघडत होतो.

दामिनी निघून गेली. लच्छूकडे पाहण्याचं धाडस मला होईना. कोणती होती, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं, तळ्यातल्या माशाची.

तो दाराशी बसला होता, तिथून उठला. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.

"ते मले येते. लिवा."

तो सांगत गेला, मी टंकत गेलो. मासा जाळ्यापाशी आला तेव्हा त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा, गुरुजी. आई इथी थांबे."

मी हात मांडीवर घेतले.