उरलेली ओळ

"मालक, एक ओळ उरतीया!" हरिबानं मोठ्यानं सांगितलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की बाळासो कालच्याच मोटारीनं सांगलीला गेलेत.

साताऱ्याच्या त्या छापखान्यात हरिबा वीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. साप्ताहिकाचं शेवटचं पान बांधत आलं होतं. तळाशी बाळासोंनी लिहिलेला चुटका बसवायचा. पण त्रेचाळीस साल, लढाईपायी कागदाची टंचाई, पान बोटभर आखूड आलेलं. पाच ओळी बसल्या, सहावी हातात राहिली. मालकांच्या मजकुराला हात लावायचा नाही, हा तिथला नेम. तिकडे मशीनवाला गुंडा ओरडत होता, "आटपा की हरिबा, अंकांची मोटार चुकंल!"

हरिबानं ती ओळ दोऱ्यानं बांधली, खिडकीत ठेवली आणि पान गुंडाच्या हवाली केलं. आता मालक काय म्हणतील, या धास्तीतच तो ओला अंक घेऊन घरी आला.

घरी त्याची बायको बनुबाई दिवाळीपासून बाजेवर होती. खोकल्यानं पार वाळली होती. डॉक्टरांनी दूध सांगितलं होतं, आणि बाईला जरा हसतं ठेवा म्हणाले होते. दूध मिळे तेव्हा मिळे. हसण्यासाठी हरिबा दर आठवड्याला तिला चुटका वाचून दाखवी. ती ऐकून घेई, "बरं" म्हणे आणि भिंतीकडे तोंड फिरवी. त्या "बरं"ची हरिबाला खोकल्यापेक्षा जास्त भीती वाटे.

त्या दिवशीही त्यानं वाचलं. "काडेपेटी मिळेना, म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी चूल विझूच द्यायची नाही असं ठरवलं. नवरा-बायको आळीपाळीनं जागून फुंकर घालतात. महिना झाला, चूल पेटती आहे. आम्ही विचारलं, शिजवता काय? म्हणाले, धान्य यायचंय अजून."

कागद संपला म्हणून तो थांबला. खोलीत काही हललं नाही. मग गोधडीखाली बनुबाईचे खांदे हलायला लागले. उबळ आली समजून हरिबानं तांब्या उचलला, तर ती हसत होती.

"म्हैनाभर फुंकत्यात गं बाई! अन् चुलीवर भांडंच न्हाई!" डोळे पुसत ती म्हणाली, "फुडं काय हुतं?"

"फुडं हुतं, 'यावरून सध्याच्या टंचाईची वाचकांस सहज कल्पना येईल.' ती बसली न्हाई."

बनुबाईचं तोंड उतरलं. "ती कशाला? मला कळलं हुतं की. आवं, ऐकनाराच्या वाटनीचं त्येला ऱ्हाऊ द्यावं. समदं तुमीच खाल्लं, तर आमी कशाला हसावं?"

हरिबा बाजेच्या कडेला बसून राहिला. वीस वर्षांत त्यानं लिलाव जुळवले होते, लग्नं जुळवली होती. गेल्याच आठवड्यात याच खिळ्यांनी पलटणीतल्या एका पोराच्या मरणाची बातमी जुळवली होती. तीच अक्षरं, तेच शिसं. त्यातली एक ओळ काढली काय, आणि सहा महिने न हसलेली बाई हसली काय! जे पानावर नव्हतंच, त्यानं तिला हसवलं होतं. त्यानं आपली काळी बोटं दिव्यापुढं धरून पाहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

दोन दिवसांनी बाळासो परतले, ते हातात अंक घेऊनच. "माझी ओळ कुनी कापली रं?"

"म्या, मालक. जागा नव्हती."

"कऱ्हाडपासनं समदी मोटार हसत हुती. मला वाटलं, माझा मजकूर अर्धाच छापला म्हणून हसत्यात. उपरण्यात तोंड घालून बसलो. तर शेजारचा गडी मलाच हलवून उठवतो, म्हणतो, पाव्हनं, ह्ये वाचलं का?" बाळासो खुर्चीत टेकले. "खरं सांग, डोकं कुनाचं?"

हरिबानं सांगितलं, ओळ जागेपायी गेली, पण ती नकोच होती हे बनुबाईनं ओळखलं.  बाळासोंनी टेबलावरचा नवा चुटका त्याच्या हातात दिला. "वयनींना इचारून ये."

तेव्हापासून दर बुधवारी हरिबा एकेक वाक्य वाची आणि बनुबाई हात वर करी. तिथं थांबायचं. कधी ती शेपूट काढायला लावी, कधी डोकं. "आदी शेजारी कोन, कुठला, ह्ये कशाला? थेट गमतीपाशी चला की." एकदा तिनं एक शब्द उचलून शेवटी ठेवायला लावला, आणि मेलेला चुटका हरिबाच्या डोळ्यांसमोर उठून बसला. लिहिता-वाचता न येणारी बाई, पडल्या जागेवरून हे करते कसं, याचा त्याला दर बुधवारी नव्यानं अचंबा वाटे.

उन्हाळा सरता सरता हात उचलेनासा झाला. मग ती बोट उचली. हरिबा वाचताना कागद सोडून त्या बोटाकडेच बघे.

आषाढातल्या एका बुधवारी त्यानं चुटका वाचायला घेतला. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. हसायची जागा आली आणि गेली. कुणी अडवलं नाही, म्हणून तो वाचतच राहिला. शेपटासकट शेवटपर्यंत वाचून झाला, तेव्हा कुठं त्याला कळलं.

बातमी बाळासोंनी स्वतः लिहिली. हरिबानं ती दुसऱ्या कुणाला जुळवू दिली नाही. "आमच्या छापखान्यातले हरिबा यांच्या पत्नी बनुबाई बुधवारी वारल्या. हे साप्ताहिक छापण्याआधी त्या ऐकत असत. त्यांच्या जाण्यानं आमची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे."

पान बांधून झाल्यावर बाळासो वाकून बघू लागले. "हरिबा, खाली जागा हाय की रं."

"हाय, मालक."

"मग शेवटची ओळ?"

हरिबाच्या हातात ती होती. त्यानं तिला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि खिडकीत पहिलीच्या शेजारी ठेवून दिली.

बाळासोंनी पान तसंच गुंडाकडे दिलं. कागदाच्या त्या दुष्काळात, त्या आठवड्याच्या अंकात, शेवटच्या पानाच्या तळाशी बोटभर जागा कोरीच छापली गेली.